सातवीला अल्टिमेट फ्रिस्बी शिकवतेय. शिट्टी खिशात ठेवू का?

खोखोवाली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत एका मराठी शाळेत पीटी घेते, सहावी ते आठवी. माझा खेळ खो-खो. शाळेत असल्यापासून तोच खेळले, पुढे बीपीएड केलं आणि आता पंधरा वर्षं मुलांना तेच शिकवतेय.

दिवाळीच्या सुट्टीत बेलापूरच्या एका मैदानावर काही तरुण मुलंमुली तबकडी फेकून खेळताना दिसली. आधी वाटलं, सहज चाललंय. मग लक्षात आलं की हा रीतसर सामना आहे. दोन्ही संघांत मुलगेही आणि मुलीही, धावणं अगदी जीव तोडून, आणि कडेला पंच कुणीच नाही. एकदा दोघांची धडक झाली. खेळ थांबला, दोघं चार वाक्यं बोलले, एकाने मान डोलावली, खेळ पुढे सुरू. मी भाजीची पिशवी हातात घेऊन अर्धा तास तिथेच उभी होते.

शाळा उघडल्यावर सातवीच्या दोन्ही तुकड्यांना हा खेळ सुरू केला. एका तुकडीत ५२ मुलं. तास ३५ मिनिटांचा, त्यातली सहा-सात रांगेने खाली उतरण्यात जातात. फेकणं तीन आठवड्यांत बऱ्यापैकी जमलं. अंगठा वर, चार बोटं खाली कडेला धरून, आणि हात फिरवायचा तो पत्ते वाटताना फिरवतो तसा, मनगटातून. पहिल्या दिवशी सगळे थाळीफेक करत होते, पूर्ण अंग वळवून! डिस्कवर मार्करने एक जाड रेघ मारली, ती गरगर फिरताना दिसली पाहिजे असं सांगितलं, आणि मग मुलांना स्वतःलाच कळायला लागलं. फिरकी नसली की डिस्क डुगडुगते आणि पडते.

अडचण पुढे आली. सामना सुरू केला की दर मिनिटाला भांडण. ‘बाई, याने ढकललं’, ‘बाई, ती खोटं बोलते, खाली टेकली होती’. परवाच्या एका तासात खेळ नऊ वेळा थांबला, मी मोजलं. शेवटी शिट्टी मारली आणि निकाल देत सुटले. खेळ चालला, पण मग मुलं एकमेकांशी बोलेचनात. चेंडू असो की डिस्क, प्रत्येकाची नजर माझ्या तोंडाकडे. बेलापूरला जे बघून मी थांबले होते, नेमकं तेच मी काढून टाकलं असं वाटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

तर विचारायचं ते असं: बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पंचाशिवाय खेळवता येतं का? कुणी केलंय का? दुसरं, मुलींना पास जात नाहीत. कोपऱ्यात उभ्या राहतात. आणि तिसरं, फोरहँड कसा शिकवावा? मलाच अजून धड येत नाही.

मधली_सुट्टी

वाचतेय. माझा मुलगा सहावीत आहे, त्याच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे गणिताचा जादा तास. तुमच्या वर्गाचा हेवा वाटला.

पारसिक_वारा

ताई, मी नोकरीनिमित्त घणसोलीत असतो आणि गेली सहा वर्षं दर रविवारी हा खेळ खेळतो. तुम्ही बेलापूरला पाहिलं ते काही खास सज्जन लोकांचं टोळकं नव्हतं, नियमच तसा आहे. जागतिक स्पर्धेतसुद्धा फाऊल खेळाडूच मागतात आणि खेळाडूच सोडवतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो तुमच्या कामाचा आहे. हा खेळ शाळेतल्या मुलांनी तयार केलाय. १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या मेपलवूड गावातल्या कोलंबिया हायस्कूलच्या मुलांनी. त्यांतला जोएल सिल्व्हर पुढे हॉलिवूडचा निर्माता झाला. शाळेच्या गाड्या लावायच्या आवारात रात्री दिव्याखाली खेळायचे. १९७० मध्ये शेजारच्या मिलबर्न हायस्कूलशी पहिला आंतरशालेय सामना झाला, १९७२ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांचा. म्हणजे तुमची सातवी काही मोठ्यांचा खेळ उसना घेत नाहीये.

आता मुद्द्याचं. ‘तुम्हीच ठरवा’ एवढंच सांगून सोडलं तर मुलं भांडणारच. ठरवायचं कसं, याची ठरलेली पायरी आहे आणि ती डिस्क फेकण्याइतकीच घोटून घ्यावी लागते. झेलताना ज्याला धक्का लागला तो मोठ्याने ‘फाऊल’ म्हणतो. सगळे जागच्या जागी थांबतात. तो काय झालं ते सांगतो. समोरचा एक तर ‘मान्य’ म्हणतो किंवा ‘अमान्य’. मान्य असेल तर झेलणाऱ्याला डिस्क मिळते. अमान्य असेल तर डिस्क ज्याने फेकली होती त्याच्याकडे परत, तो पास पुन्हा. कोण खरं, कोण खोटं याचा निवाडा कुणीच करत नाही. मुलांना हे समजायला वेळ लागतो, कारण घरी-शाळेत सगळीकडे भांडण म्हणजे कुणीतरी एक चुकलेला सापडलाच पाहिजे.

सामना न खेळवता एक अख्खा तास फक्त हेच करा. दोघांची नाटकं, बाकीचे बघतात.

घोडबंदरकर

मी ठाण्यात अठरा वर्षं क्रीडाशिक्षक आहे. मॅडम, तुमची तळमळ पोहोचली, पण माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो.

रविवारी खेळणारे मोठे लोक स्वखुशीने येतात. वर्गातली ५२ मुलं वेळापत्रकाने येतात. त्यांतली पाच-सहा दांडगी असतात आणि पंच नसला की मैदान त्यांचं होतं. ज्याचा आवाज मोठा त्याचं ‘मान्य’. मी एका शाळेत दोन वर्षांपूर्वी हा प्रयोग केला. चौथ्या दिवशी एका मुलाचा ओठ फुटला, पालक आले, आणि मुख्याध्यापकांनी मला विचारलं, ‘तुम्ही कुठे होतात?’ त्यावर ‘मुलं स्वतः ठरवत होती’ हे उत्तर देता येत नाही.

आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, जी २०१२ पासून चालते, पंच असतातच. म्हणजे पंच ठेवला की खेळ बुडाला असं नाही. शिट्टी ठेवा.

शाळामास्तर

गणिताचा निवृत्त शिक्षक, मुक्काम नौपाडा. खेळातलं फार कळत नाही, मुलांतलं थोडं कळतं.

घोडबंदरकर सर, तुमचा अनुभव खोटा नाही. पण गल्लीत लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत खेळताना कोण पंच असतो? चकून राज्य कुणावर ते ठरतं, मध्येच कुणी पडलं की ‘टाइमप्लीज’, सगळे थांबतात. कुणी लबाडी केली की ‘रडीचा डाव’ म्हणतात आणि त्या पोराला ते छडीपेक्षा लागतं. ही सगळी व्यवस्था मुलांकडे होतीच. आता सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या आहेत आणि उरलेलं खेळणं क्लासमध्ये फी भरून होतं, जिथे शिट्टी असते. म्हणून हे त्यांना नव्याने द्यावं लागतंय.

बाई, तुम्ही ‘फाऊल’ऐवजी ‘टाइमप्लीज’च का वापरत नाही? थांबायचं कसं हे त्या शब्दाने त्यांना लगेच कळेल.

निळी_पाटी

टाइमप्लीजला +१. माझी मुलगी कोपरखैरण्याच्या शाळेत आठवीत आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

तिच्या शाळेत फुटबॉलला नियम केला होता: गोल मारण्याआधी एका मुलीचा पाय बॉलला लागलाच पाहिजे. सरांचा हेतू चांगला होता. झालं काय, मुलं तिच्या पायाला बॉल टेकवायची आणि पुढे पळायची. ती घरी येऊन म्हणाली, ‘आई, मी तिथे लिंबू-टिंबू होते.’ तेव्हापासून तिने खेळायच्या दिवशी पोटदुखी काढायला सुरुवात केली. कृपया असा नियम करू नका. त्यापेक्षा संघच लहान करा. चार-चार जणांत कुणाला लपवता येत नाही.

खोखोवाली

निळी_पाटी, थांबवलंत हे फार बरं झालं. मी अगदी तोच नियम उद्यापासून लावणार होते. वहीत लिहूनही ठेवला होता.

घोडबंदरकर सर, तुमचं ओठ फुटल्याचं वाचून पोटात गोळा आला. धोका दिसला की शिट्टी मी मारणारच, तेवढी ती गळ्यात राहील. पण निकालासाठी नाही. हा फरक मी पाळू शकते का ते बघते.

पारसिक_वारा, मैदान केवढं आखू? आमच्याकडे एका बाजूला पेव्हर ब्लॉक आहेत, तिकडे खेळवत नाही. लाल मातीचा पट्टा साधारण ४५ मीटर लांब, २५ रुंद.

पारसिक_वारा

भरपूर आहे. मोठ्यांचं मैदान १०० मीटर लांब, ३७ रुंद, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचा गोलपट्टा (यात झेल घेतला की गोल), सात विरुद्ध सात. ते विसरून जा. तुमच्या पट्ट्याचे आडवे दोन भाग करा, प्रत्येक भाग २५ लांब आणि २० रुंद, मध्ये पाच मीटर मोकळे. दोन्ही टोकांना चार-चार मीटरचा गोलपट्टा. एकात चार विरुद्ध चार, म्हणजे एका वेळी १६ खेळतात. बाकीच्यांना तीन गट: एक जोडीने झेल, एक ‘दहा पास’ (डिस्क पडू न देता सलग दहा पास), एक कडेला बसून बघणारा. बघणारा गट महत्त्वाचा आहे, त्यांना काम द्या.

मार्किंग करणाऱ्याने, म्हणजे डिस्क हातात असलेल्याला अडवणाऱ्याने, मोठ्याने दहापर्यंत मोजायचं, सेकंदाला एक. हे मराठीत मोजू दे. दहा म्हणायच्या आत डिस्क सुटली नाही तर ती समोरच्या संघाकडे गेली. नवशिक्यांना घाई होते, म्हणून मोजणी हळू घ्या पण आकडा बदलू नका.

फोरहँडचं: तर्जनी आणि मधलं बोट डिस्कखाली, मधलं बोट आतल्या कडेला टेकलेलं, अंगठा वर. कोपर कमरेजवळ. तळ्यात चपटा दगड टप्पे घेत जावा म्हणून खालून मनगटाने फेकतो ना, तोच झटका. दंडाचा जोर लावला की संपलं. पाच मीटरवरून सुरू करा, आठवडाभर लांब जाऊच देऊ नका.

आणि वारा. तुम्ही ऐरोलीत आहात, दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. वाऱ्याच्या तोंडावर फेकताना डिस्कचं नाक जरा जरी वर झालं तरी ती पतंगासारखी उचलली जाते आणि मागे येते. मुलं म्हणतात ‘मला येत नाही’. येतं, वारा आहे. फोरहँडचे तास सकाळच्या सत्रात घेता आले तर बघा.

मधली_सुट्टी

एक विचारते. डिस्क कुठली घ्यायची? मी मुलासाठी एका दुकानातून तीन आणल्या, दुसऱ्या दिवशी कडेला तडा गेला आणि बोट कापलं.

पारसिक_वारा

खेळण्याच्या दुकानातल्या पातळ डिस्क घेऊ नका. सामन्याची डिस्क १७५ ग्रॅमची असते, व्यास साधारण २७ सेंटिमीटर, कड गोलसर आणि जाड. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा, लगेच कळतं. सहावी-सातवीच्या लहान हातांना १४५ ग्रॅमची ज्युनियर डिस्क बरी. ‘फ्रिस्बी’ हे खरं तर एका कंपनीचं व्यापारी नाव आहे, म्हणून स्पर्धांमध्ये सगळे ‘फ्लाइंग डिस्क’ म्हणतात. शोधताना त्या नावाने शोधा.

शाळामास्तर

पावसाळ्यात काय करता बाई? जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल.

खोखोवाली

सर, सभागृहात कागदी थाळ्या. दोन थाळ्या तोंडाला तोंड लावून स्टेपल केल्या की छान उडतात, पंख्याला लागल्या तरी काही होत नाही. झेल तिथेच शिकवायचा बेत आहे. एक तळहात वर, एक खाली, छातीसमोर टाळी. टाळीचा आवाज आला की झेल पक्का.

खोखोवाली (तीन आठवड्यांनंतर)

उशीर झाला, वार्षिक तपासणी होती. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

पहिला तास फक्त टाइमप्लीजचा घेतला. जोड्या पाडल्या, मी चिठ्ठ्या दिल्या: ‘हाताला फटका लागला’, ‘डिस्क रेषेबाहेर होती’, ‘दहा आधी झाले’. एकाने मागायचं, दुसऱ्याने मान्य किंवा अमान्य. पहिली दहा मिनिटं नुसता हशा. मग एका मुलीने विचारलं, ‘बाई, मला खरंच माहीत नसेल धक्का लागला की नाही, तर काय म्हणू?’ मला उत्तर सुचलं नाही. तिच्या जोडीदाराने सांगितलं, ‘तसंच म्हण. माहीत नाही म्हण. मग पास परत.’ आता आमच्या वर्गात मान्य, अमान्य आणि माहीत नाही असे तीन शब्द चालतात.

दुसऱ्या आठवड्यात सामने. चार-चारच्या संघांत मुलींना पास जायला लागले, कारण न देऊन चालतच नाही. एक मुलगी आहे, वर्गात तिचा आवाज क्वचित ऐकलाय मी. तिचा फोरहँड सगळ्यांत सरळ जातो. तिला कुणी शिकवला? विचारलं तर म्हणाली, गावाला आजोळी नदीत दगड मारायची.

आणि मागच्या गुरुवारचं. ब तुकडी, ३-३ अशी बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. एका मुलाने गोलपट्ट्यात पालथं पडून झेल घेतला. त्याच्या संघाने आरडाओरडा सुरू केला. समोरच्या संघाला वाटलं झेलच आहे, ते परत फिरले होते. मी पलीकडच्या मैदानावर होते, मला काही दिसलं नव्हतं. तो उठला, डिस्क उलटी करून बघितली. कडेला लाल माती लागली होती, ओली, बोटभर. त्याने ती शर्टाला पुसली नाही. ‘टेकली होती,’ म्हणाला. त्याचा मित्र म्हणाला, ‘गप ना यार.’ तो पुन्हा म्हणाला, ‘टेकली होती,’ आणि डिस्क खाली ठेवून मागे सरकला. समोरच्या मुलीने ती उचलली आणि तीन पासांत त्यांनी गोल केला.

त्याच्या संघातले दोघं नळावर बाटल्या भरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. मी मध्ये पडले नाही. पडावंसं फार वाटत होतं.

सगळं गोड झालंय असं नाही. अ तुकडीत दोन हुशार पोरांनी वाट शोधून काढलीय. काहीही झालं तरी अमान्य म्हणायचं, म्हणजे समोरच्याला काही मिळतच नाही, पास पुन्हा. त्यांचं काय करू?

पारसिक_वारा

मोठ्यांच्या सामन्यातही असे भेटतात. आमच्याकडे दोन्ही संघांचे कर्णधार बाजूला येऊन बोलतात, आणि सामना संपल्यावर दोन्ही संघ खांद्यावर हात टाकून एकाच गोलात उभे राहतात, एकाआड एक. मग प्रत्येक संघ समोरच्या संघाला स्पिरिटचे, म्हणजे खिलाडूवृत्तीचे, गुण देतो. पाच गोष्टी: नियमांची माहिती, अंगाला अंग लागू न देणं, निःपक्षपणा, आनंदाने आणि संयमाने खेळणं, बोलण्याची पद्धत. प्रत्येकी ० ते ४. दोन म्हणजे चांगलं, ठीक. त्या पोरांना समोरच्या संघाकडून ‘निःपक्षपणा: १’ मिळू दे. तुम्ही सांगण्यापेक्षा ते जास्त पोहोचेल.

निळी_पाटी

त्या ‘टेकली होती’ मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

खोखोवाली

गुण सुरू केले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मित्रांना चार आणि शत्रूंना शून्य! म्हणून शून्य किंवा चार दिले तर घडलेला एक प्रसंग सांगायचा असं ठरवलं. बघणाऱ्या गटाला हेच काम दिलंय, प्रसंग टिपून ठेवायचं. अमान्यवाल्या दोघांपैकी एक परवा पहिल्यांदा ‘माहीत नाही’ म्हणाला. दुसरा अजून तिथेच आहे.

घोडबंदरकर

मॅडम, धागा सुरुवातीपासून पुन्हा वाचला. माझ्या त्या प्रयोगात मी पहिल्याच दिवशी सामना लावला होता, भांडण कसं सोडवायचं याचा तास घेतला नव्हता, आणि दहा-दहाचे संघ होते. गर्दीतच तो ओठ फुटला. पंच हवा हे माझं मत मोठ्या स्पर्धेसाठी अजून तेच आहे. तासापुरतं पुन्हा करून बघायची तयारी आहे.

आमच्या सातवीच्या १६ मुलांना घेऊन जानेवारीत एखाद्या शनिवारी सकाळी ऐरोलीला येऊ का? लोकलने आणतो, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने दुसरंच स्टेशन आहे. संघ मिसळून पाडू, शाळा विरुद्ध शाळा नको. शिट्टी आणणार नाही.

खोखोवाली

सर, जरूर या. तिसरा शनिवार मोकळा आहे, मुख्याध्यापकांना उद्याच विचारते. साडेसातला सुरू करू, म्हणजे वारा सुटायच्या आत संपेल. मुलांना टोपी आणि पाण्याची बाटली सांगा, पोह्यांचं मी बघते. आमच्याकडे चांगल्या डिस्क सहाच आहेत, तुमच्याकडे असतील तेवढ्या आणा. चुना आणि दोरी माझ्याकडे आहे.